रानकृष्णकमळाचे बी आणि आपले बीजगोळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की ठाणे-नवी मुंबईत बीजगोळ्यांचे बेत सुरू होतात. माती, शेणखत आणि बी एकत्र मळायचे, लाडवासारखे वळायचे, सावलीत सुकवायचे आणि पहिला पाऊस पडला की येऊरला किंवा खारघरच्या डोंगरावर भिरकावायचे. हौस चांगली आहे. मात्र या गोळ्यांत चिंच, करंज, बहावा यांच्या जोडीला ‘जंगली पॅशन फ्रूट’चे, म्हणजे रानकृष्णकमळाचे, बीही जाऊ लागले आहे. फुकट मिळते, कुंपणाकुंपणावर लगडलेले असते, म्हणून. त्यावर नेहमीची तक्रार अशी की हे बी रुजतच नाही. कुंडीत पेरले तरी महिना-महिना माती तशीच. ही तक्रार खरी आहे. पण बहुतेक वेळा चूक पेरणीत नसून फळ तोडण्यात आणि बी धुण्यात झालेली असते. त्याबद्दल सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

आधी वेल कोणती ते पक्के करू. रेल्वे रुळांकडेचे तारेचे कुंपण, सिडकोचे मोकळे भूखंड, भरावाच्या मुरमाचे ढीग अशा जागी ही पसरते. खोड पेन्सिलीहून बारीक आणि लवदार, पाने तीन कंगोऱ्यांची, चुरगाळली की उग्र वास. शास्त्रीय नाव पॅसिफ्लोरा फिटिडा. लिनियसने १७५३ साली हे नाव दिले आणि त्यातला ‘फिटिडा’ म्हणजे सरळ ‘दुर्गंधी’. फूल मात्र देखणे असते. बागेतल्या कृष्णकमळाचीच छोटी, फिकट आवृत्ती म्हणा ना! कौरव म्हणून मोजायची झालर आहे, पाच पांडव म्हणजे पाच परागकोश आहेत आणि वर तीन कुक्षी, म्हणजे पराग धरणारी टोकेही आहेत. सकाळी उमलते, उन्हे चढली की मिटते. ही वेल आपली नाही. तिचे मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात आहे. इतकी सर्वत्र दिसते, की पुष्कळांना ती कोकणातलीच वाटते. पॅसिफ्लोराच्या पाचशेहून अधिक जातींपैकी भारतातल्या मूळच्या जाती बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत आणि ही त्यांत नाही.

ओळखीची सगळ्यात सोपी खूण फळाभोवतीची जाळी. कळीपासून फळापर्यंत तीन हिरवी छदे (फुलाखालची पानांसारखी अंगे) सोबत राहतात आणि ती शेवाळासारखी बारीक चिरलेली असतात. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट थेंब दिसतो आणि बहुतेक वेळा त्यात अडकलेले चिलटही. १९९५ साली भारतीय संशोधकांनी या थेंबांत प्रथिने पचवणारी विकरे (एन्झाइम) असल्याचे दाखवले होते. वेल खरोखर कीटक ‘खाते’ की नुसते फळाचे रक्षण करते, हा वेगळा वाद. बी गोळा करणाऱ्याला या जाळीचा उपयोग निराळा आहे: ती घड्याळासारखी वाचता येते. जाळी हिरवी आणि चिकट असेल तर फळ कच्चे. ती वाळून तपकिरी झाली, बोटाला चिकटेनाशी झाली, आत बोराएवढे फळ पिवळे-नारिंगी दिसू लागले आणि नुसत्या स्पर्शाने देठापासून सुटले, की ते बियांसाठी योग्य. काही वेलींची फळे लाल होतात. तो रंगाचा फरक आहे, पिकण्याचा नाही. या साऱ्या गटाची २०१३ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी नव्याने मांडणी केली, कारण एकाच नावाखाली बरेच वेगवेगळे नमुने जमा झाले होते. म्हणून दोन कुंपणांवरच्या फळांत आकार, रंग, बी यांचा फरक दिसला तर गोंधळून जाऊ नये. फक्त त्यांचे बी एकत्र करू नये.

इथेच पहिली चूक होते. हिरवे फळ फोडले आणि आत बी काळपट दिसले की लोक ते तयार समजतात. बियांचे कवच आधी रंगते. आतला गर्भ आणि त्याची तेलकट शिदोरी भरायला त्यानंतरही वेळ लागतो. अशा बिया वाळवल्या की हलक्या होतात, अंगाला सुरकुतल्यासारख्या दिसतात आणि रुजल्याच तर रोप अशक्त येते. दुसरे कारण मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कच्च्या फळात आणि पानांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. पिकलेले फळ खाण्याजोगे असते, हिरवे नाही. शाळेच्या सहलीत हे आधी सांगावे.

फळ आडवे कापून पाहिले, की पुढचे बरेच काही उलगडते. बिया मध्यभागी नसतात. सालीच्या आतल्या बाजूला तीन उभ्या रेषांवर त्या बारीक देठांनी टांगलेल्या असतात. प्रत्येक बीभोवती स्वतःची रसाची पिशवी असते आणि आपण ‘गर’ म्हणतो तो अशा पिशव्यांचाच गठ्ठा. म्हणजे जितक्या बिया भरल्या तितक्याच पिशव्या भरणार. बाजारातल्या मोठ्या पॅशन फ्रूटचेही हेच गणित आहे. वाशीच्या बाजारातून आणलेले एखादे फळ हातात हलके लागते, आत अर्धे पोकळ निघते, तेव्हा दोष खताचा नसून बहुधा परागीकरणाचा असतो. मोठ्या पॅशन फ्रूटच्या पिवळ्या जातीच्या फुलाला स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या रोपाचे पराग लागतात आणि ते आणायला काळा मोठा भुंगा लागतो. मधमाशी त्या फुलापुढे लहान पडते: मध पिऊन जाते, पण कुक्षीला तिची पाठ लागत नाही. गच्चीत पिवळ्या जातीची एकच वेल लावून फळाची वाट पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तिचे फूल दुपारी उमलते. तेव्हा हलक्या ब्रशने एका वेलीचे पराग दुसऱ्या वेलीच्या तिन्ही कुक्षींना लावले तर फळ धरते. एकाच कुक्षीला लावले तर बिया कमी आणि गरही कमी. जांभळ्या जातीला आणि आपल्या रानवेलीला स्वतःचे पराग चालतात, म्हणून रानवेल एकटीदुकटी असली तरी फळांनी भरते. रस्त्याकडेला ती इतकी का फोफावते, याचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

आता बी साफ करणे. रसाच्या पिशवीत रुजणे रोखणारी द्रव्ये असतात. फळाच्या आतच बी रुजू नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. ती धुऊन निघाल्याशिवाय बी मातीत टाकणे म्हणजे त्याला कुलपासकट पेरणे. शिवाय गोडसर गरावर मुंग्या येतात, बुरशी येते. मोठ्या पॅशन फ्रूटचा गर वाटीत काढून त्यात दोन-चार चमचेच पाणी घालावे आणि सावलीत दोन ते तीन दिवस आंबू द्यावा. दिवसातून दोनदा ढवळावे. वर फेस येतो, आंबूस वास येतो, पिशव्या सैल पडतात. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ठेवू नये, कारण वास आंबूसवरून कुजकट झाला की बियांचेही नुकसान सुरू होते. रानवेलीच्या बियांवरचा गर पातळ असतो, त्याला एक रात्र पुरते. त्यानंतर चहाच्या नव्हे, जरा मोठ्या स्टीलच्या गाळणीत बिया घेऊन मूठभर जाड वाळूबरोबर नळाखाली चोळाव्यात. बी बोटांत धरल्यावर बुळबुळीत लागले तर काम अर्धवट राहिले. नीट धुतलेल्या रानबीचा पृष्ठभाग खरखरीत लागतो. चार-पाच मिलिमीटर लांब, चपटे, काळे-तपकिरी बी आणि त्यावर जाळीदार खळगे, असे ते दिसले पाहिजे. ते सुती कापडावर, पंख्याच्या वाऱ्यावर, सावलीत दोन दिवस सुकवावे. वर्तमानपत्रावर सुकवले तर कागदाला चिकटते (संपादकांनी राग मानू नये). पत्र्यावर उन्हात तर मुळीच नको.

पाण्यात टाकून तरंगणारे बी फेकून द्यायची पद्धत आहे. ती इथे डोळे मिटून वापरू नये. सुकलेल्या बीच्या खळग्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि चांगले बीही तरंगते. आधी पाण्यात एक थेंब भांड्यांचा साबण टाकून ढवळावे, अर्धा तास थांबावे, मग तरंगणाऱ्यांतले पाच-दहा बी ब्लेडने उभे कापून पाहावे. आत पांढरे, भरीव, तेलकट दिसले तर बी चांगले. पोकळ, करडे किंवा वाळलेले दिसले तरच बाकीचे टाकावे. बी धुऊन लगेच पेरणे सर्वात चांगले. ठेवायचेच असेल तर हवाबंद बाटलीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. मात्र ठेवलेले बी ताज्या बीपेक्षा उशिरा रुजते, हे गृहीत धरावे.

यानंतरही कवच उरतेच. ते जाड आणि कठीण असते आणि अडचण दोन प्रकारची असू शकते. एक तर पाणीच आत जात नाही. किंवा पाणी जाते, पण कोवळ्या मुळाला कवच फोडता येत नाही. कोणती अडचण आहे हे घरी तपासता येते. सोन्याचांदीसाठी वापरतात तसला छोटा वजनकाटा घ्यावा. पन्नास बिया मोजून वजन करावे, चोवीस तास पाण्यात ठेवाव्यात, कापडाने टिपून पुन्हा वजन करावे. वजन स्पष्ट वाढले तर पाणी आत शिरते आहे. अजिबात वाढले नाही तर कवच घासायलाच हवे. सुतारकामाचा ऐंशी-शंभर नंबरचा पॉलिश पेपर दोन तुकड्यांत घेऊन मध्ये बिया ठेवाव्यात आणि हलक्या हाताने गोल फिरवाव्यात. काळा थर झिजून चपट्या बाजूवर फिकट ठिपका दिसला की लगेच थांबावे. पांढरे दिसू लागले म्हणजे गर्भापर्यंत गेलात. नेलकटर वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. बी फळाला ज्या टोकाने टांगलेले होते, त्याच टोकाजवळून मूळ बाहेर येते. ते टोक कापले की सगळे संपले. फळ उघडे असतानाच देठाचे टोक पाहून ठेवावे. नंतर टेबलावर पसरलेल्या बियांत ते ओळखणे सोपे नसते. उकळते पाणी ओतण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. चिंच-गुंजेसारख्या बियांवर लोक तो वापरतात, पण इथे त्याने बी शिजते. कोमट पाण्यात एक रात्र एवढे पुरे.

संप्रेरक वापरायचेच असेल तर जिबरेलिक ॲसिड. नाशिककडचे द्राक्षबागायतदार त्याला नुसते ‘जीए’ म्हणतात आणि शेतीच्या दुकानात ते मिळते. शुद्ध पूड असेल तर दोनशे मिलिग्रॅम आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून एक लिटर पाण्यात मिसळावी, म्हणजे दोनशे पीपीएमचे (दहा लाख भागांत दोनशे भाग) द्रावण होते. पूड थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि प्रमाणाचा काही भरवसा राहत नाही. घासलेले बी त्यात चोवीस तास ठेवून पेरावे. ‘थोडे जास्त टाकले तर लवकर येईल’ असे इथे नसते. जास्त झाले की रोप सुतासारखे लांब, पांढुरके वाढते आणि मान टाकते. घरगुती कामाला पॉलिश पेपर आणि एक रात्रीचे पाणी एवढ्यावर भागते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पेरणीचा महिना हा आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित मुद्दा. या बियांना दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फरक लागतो: साधारण दिवसा तीस आणि रात्री वीस अंश. जुलैत ठाण्यात दिवसा तीस असेल, पण रात्रही पंचवीस-सव्वीसच्या आसपास रेंगाळते. फरक असा उरतच नाही. वर सततचा पाऊस, चिखल झालेले मिश्रण आणि बुरशी. फेब्रुवारीत मात्र दुपार तापते, पहाट गार असते. म्हणून ठेवलेले बी थोडे उशिरा रुजले तरी चालेल, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळे जमवून, बी साफ करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावे. पावसाळ्यापर्यंत रोप हातभर होते आणि जूनमध्ये मोठ्या कुंडीत जाते. ‘पावसाळा म्हणजे पेरणी’ ही सवय भाताला ठीक आहे. तिथेही रोपवाटिका वेगळी असतेच.

मिश्रणाला बारीक चाळलेली लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या भागांत घ्यावे, वर मूठभर वाळू. नुसता मुरूम वाळला की विटेसारखा होतो आणि अंकुर वर येताना मोडतो. कोकोपीटची वीट दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी, त्यात खार असतो. रानवेलीचे बी अर्धा सेंटिमीटर आणि मोठ्या पॅशन फ्रूटचे एक सेंटिमीटर खोल. त्याहून खोल पेरू नये, कारण या बिया आतली दोन दळे (बीजपत्रे) उचलून मातीच्या वर आणतात. अंकुर आकड्यासारखा वाकून येतो आणि खोलवरून येताना त्याची शक्ती संपते. डोक्यावर कवचाची टोपी अडकली तर ओढू नये. पाण्याचा थेंब लावून एक दिवस थांबावे. पहिली खरी पाने साधी असतात, कंगोरे नसतात. ‘हे तर तण’ म्हणून याच वेळी रोपे उपटली जातात.

ताजे, नीट तयार केलेले मोठ्या पॅशन फ्रूटचे बी दोन ते चार आठवड्यांत वर येते. रानवेलीचे मात्र एकदम येत नाही. चार आज, दोन पंधरा दिवसांनी, एखादे दोन महिन्यांनी. ही तिची युक्तीच आहे. सगळे बी एका पावसावर लावायचे नाही. म्हणून ट्रे तीन महिने तरी टाकून देऊ नये. देठ मातीलगत पाण्याळ होऊन रोप आडवे पडले तर ती रोपमर. पाणी कमी करावे, वारा लागू द्यावा, मिश्रणात आधीच ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेले असावे. रात्रीत रोपांचे नुसते दांडे उरले तर संशय गोगलगायींवर घ्यावा. पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी एका रात्रीत ट्रे साफ करतात.

महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना यात चांगला प्रकल्प आहे. किमान दहा वेगवेगळ्या वेलींवरून फळे घ्यावीत. एकाच वेलीची पन्नास फळे मोजून ‘ठाण्यातले फळ असे असते’ म्हणता येत नाही. व्हर्नियरने लांबी-रुंदी, सालीची जाडी, फळाचे वजन, गराचे वजन, बियांची संख्या, शंभर बियांचे वजन आणि रिफ्रॅक्टोमीटरने गोडी टिपावी. पंचवीस-पंचवीस बियांचे चार गट न घासता आणि चार गट घासून पेरावेत, रोज ठरावीक वेळी मोजावे. शेवटची टक्केवारी एकटी फसवी असते. दोन गटांत अखेर सत्तर टक्केच रुजले, पण एक वीस दिवसांत आणि दुसरा सत्तर दिवसांत, तर रोपवाटिकेच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता डोंगराचा प्रश्न. एवढे वाचून कुणी शंभर टक्के रुजणारे बीजगोळे करायला निघाले तर हे पत्र उलटेच लागले म्हणायचे. ही परदेशी वेल आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आणि पॅसिफिक बेटांवर ती स्थानिक झाडोऱ्यावर चढून त्याला झाकून टाकणारी उपद्रवी वेल मानली जाते. तिच्या वाळलेल्या वेलींचा गुंता उन्हाळ्यात वणव्याला सरपण पुरवतो आणि आपल्या डोंगरांना वणव्यांची कमतरता नाही. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अंग आहे. तिथे बाहेरची वेल नेऊन टाकणे चूकच. बुलबुल तिची फळे खाऊन बी आधीच पसरवतात, त्यांना आपल्या मदतीची गरज नाही. गच्चीत एखादी वेल ठेवायला हरकत नाही. कृष्णकमलिनी फुलपाखराच्या अळ्या हिच्या पानांवर वाढतात, त्या पाहायला मिळतील. मात्र फळे नारिंगी होताच तोडत राहावे.

यंदाच्या गोळ्यांत हे बी आधीच गेले असेल तर ते गोळे वेगळे काढावेत, बादलीत भिजवून चाळणीतून बिया काढाव्यात आणि माती कुंडीला वापरावी. त्या मातीत नंतर वेल उगवली तर लगेच उपटावी. बिया घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नयेत, तिथल्या उबेने कवच असलेले बी मरत नाही. जुन्या पातेल्यात पाण्याला उकळी आणून त्यात दहा मिनिटे शिजवाव्यात आणि मगच ओल्या कचऱ्यात टाकाव्यात.

आपला,
रोपवाटिकेच्या कामातला एक वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे